पापाकुरा ते वेलिंग्टन: एका बॅले पोशाखाच्या काठासाठी

एका पाटीशी भांडायला सव्वासहाशे किलोमीटर गाडी चालवत गेलेलं तुमच्या ओळखीत कुणी नसेल, तर आता मी आहे.

मी ऑकलंडच्या दक्षिणेला पापाकुरात राहते आणि एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. मार्चमध्ये जेवणाच्या सुट्टीत फोन चाळताना वेलिंग्टनच्या एका छोट्या संग्रहालयाचं पान समोर आलं. दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांतले बॅलेचे पोशाख, आणि ते पाहून बदलत गेलेली बायकांची फॅशन, असं प्रदर्शन होतं. मला बॅलेतलं काही कळत नाही. कापडातलं थोडं कळतं, कारण माझी आई येवल्याला सत्तावीस वर्षं पैठणीच्या मागावर बसली. माग मालकाचा, मजुरी आईची.

त्या पानावर तिसरा फोटो एका नर्तकीच्या आखूड जाकिटाचा होता. जाकिटाच्या घेराला चार बोटं रुंदीचा जरीचा पट्टा लावलेला. खाली लिहिलं होतं, 'धातूच्या धाग्याचं फ्रेंच ब्रोकेड, पौर्वात्य शैलीत.'

तो पट्टा फ्रेंच नव्हता. तो लुगड्याचा काठ होता. आणि त्या 'शैलीत' शब्दाने माझं डोकं फिरलं. म्हणजे आमचीच वस्तू, पण ती फक्त आमच्यासारखी दिसते.

मी संग्रहालयाला तीन ईमेल पाठवल्या. पहिलीला आपोआप जाणारं उत्तर आलं. दुसरीला, 'आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार.' तिसरीला काहीच नाही.

आई तेव्हा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती. तिला फोटो दाखवला. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

"काठच आहे," ती म्हणाली. "पण फोटोत काय कळणार? समोर पाहिजे."

मी त्याच दुपारी शुक्रवारची रजा टाकली.

शुक्रवार: पापाकुरा ते जॉन्सनव्हिल

ज्यांना हा प्रवास करायचाय त्यांच्यासाठी आधी कामाचं. पहाटे साडेपाचला निघा. सहानंतर दक्षिणेकडचा रस्तासुद्धा तुंबायला लागतो. टाकी पूर्ण भरा, दुसऱ्यांदा टाउपोला भरा, कारण पुढच्या गावांत पेट्रोल महाग मिळतं. टुरांगीनंतर वाळवंटी रस्ता म्हणून जो पट्टा लागतो, तिथे बराच वेळ फोनला रेंज नसते. नकाशा आधीच उतरवून ठेवा. थंडीत बर्फ पडलं की तो रस्ता बंदही करतात. थांबे धरून नऊ-साडेनऊ तास लागतात. एकटीने चालवणार असाल तर टाउपो आणि टायहापे, या दोन ठिकाणी उतरून पाय मोकळे कराच.

पापाकुरा सोडल्यावर लगेच बॉम्बे नावाची टेकडी लागते. पाटी वाचून आईला सांगितलं तर तिला वाटलं मी थट्टा करतेय.

"इथं कुठली आली मुंबई?"

"त्या नावाचं जहाज आलं होतं म्हणे, माणसं घेऊन."

"मग माणसं कुठं गेली?" तिने बाहेर बघत विचारलं. बाहेर नुसत्या गाई होत्या.

टिराउला आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. टाउपोच्या तळ्याकाठी आईने वाकून पाणी हातात घेतलं, म्हणाली, एवढं पाणी आणि एक बाई धुणं धुवायला नाही. वाळवंटी रस्त्यावर तीन डोंगर दिसतात, त्यातल्या एकाच्या डोक्यावर तेव्हाही थोडं बर्फ होतं. मला वाटलं होतं की ती काहीतरी बोलेल. ती झोपली होती.

टायहापेला एका बेकरीत मी तिच्यासाठी भाज्यांचा 'पाय' घेतला, म्हणजे सारण भरून भट्टीत भाजलेली इथली कचोरीच, सात डॉलर. काउंटरवरच्या बाईने प्रेमाने विचारलं, आवडला का तुमच्या आईला?

आई म्हणाली, "वरचं छान आहे. आत नुसती पेज आहे."

मी म्हटलं, "तिला फार आवडला."

"स्वीट ॲज," म्हणजे इथल्या भाषेत झकास, असं म्हणून बाई खूश होऊन आत गेली.

हे मी मुद्दाम लिहितेय. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. दहा वर्षांची असल्यापासून मी आईवडिलांचे फॉर्म भरतेय. बँकेत, रेशनच्या कचेरीत, दवाखान्यात ते बोलायचे आणि मी ते 'नीट' करून पुढे द्यायचे. आई म्हणायची, डोकं गच्च झालंय. मी डॉक्टरला सांगायचे, अर्धशिशी आहे. घरातलं पहिलं शिकलेलं पोर हे करतंच. करता करता ते इतकं अंगवळणी पडतं की आपण काही बदलतोय हेही कळेनासं होतं.

संध्याकाळी जॉन्सनव्हिलला केदारदादा आणि मुग्धावहिनींकडे पोचलो. दोघं मूळ पुण्याचे. दादा माझ्या जुन्या घरमालकांचा भाऊ, त्या ओळखीवर राहायची सोय झाली. त्यांची आठ वर्षांची इरा बॅले शिकते. तिने आईला तिचा जाळीचा झगा दाखवला. मागचा हूक तुटला होता. आईने दोन मिनिटांत लावून दिला.

"आजी, कॅन यू मेक इट लाँगर?" इराने विचारलं.

"लांब केला तर पाय कसा वर करशील?" आई म्हणाली. इराला मराठी सगळं समजतं, फक्त ती उत्तर इंग्रजीत देते. तिने विचार केला आणि म्हणाली, "फेअर इनफ."

शनिवार: संग्रहालय

जॉन्सनव्हिलहून शहरात जायला गाडी काढू नका. वेलिंग्टनात गाडी लावायला जागा मिळवणं हा स्वतंत्र प्रवास आहे. टेकडीवरून बोगद्यांतून उतरणारी छोटी रेल्वे आहे, वीस-पंचवीस मिनिटांत स्टेशनला पोचवते. तिथून आम्ही बंदराच्या कडेने चालत गेलो. वारा एवढा की आईने पदर कमरेला खोचून वर माझं जाकीट चढवलं.

संग्रहालय म्हणजे लोकरीचं जुनं गोदाम. तिकीट पंधरा डॉलर. काउंटरवर एक वयस्क स्वयंसेवक होते. 'किया ओरा', म्हणजे इथला नमस्कार, झाल्यावर मी सांगितलं की मला प्रदर्शनाच्या प्रमुखांना भेटायचंय, एका पाटीवर चूक आहे. त्यांनी मला कागदाचा चौकोनी तुकडा आणि पेन्सिल दिली.

"अभिप्राय इथे लिहा. आम्ही सगळे वाचतो."

"मी तीन वेळा लिहिलंय."

"मग नक्की वाचलं असेल," ते हसून म्हणाले.

मी म्हटलं, प्रमुख येईपर्यंत मी इथेच थांबेन. ते म्हणाले, बघतो. आम्ही आत गेलो.

आता प्रदर्शनाबद्दल, कारण रागावूनही मला कबूल करायला हवं की ते बघण्यासारखं आहे. पहिल्या दालनात त्या काळातले बायकांचे कपडे आहेत. कमरेचा आकारच काढून टाकलेले, खांद्यावरून सरळ खाली सुटणारे झगे. काचेच्या मण्यांनी इतके जड की काही टांगता येत नाहीत, आडवे ठेवलेत. डोक्याला गुंडाळायचे जरीचे पटके, संध्याकाळच्या मेजवानीला अंगावर घ्यायचे सैल कोट. परदेशी बॅले मंडळी जहाजाने इकडे यायची, आणि प्रयोग पाहून आलेल्या बायका दुसऱ्या दिवशी कार्यक्रमपत्रिका घेऊन शिवणवालीकडे जायच्या, मला अस्सं हवंय म्हणून. हे वाचून मला गंमत वाटली. येवल्यात सिनेमा लागला की हेच व्हायचं.

मग मी पाट्या वाचायला लागले. नारिंगी कोट, घालणारीचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, तिच्या बंगल्याचं नाव. शिवणारी: अज्ञात. निळा झगा, मालकीण अमुक. शिवणारी: अज्ञात. त्या दालनात मी सात वेळा 'अज्ञात' मोजलं. ही बाई याच शहरात, याच वाऱ्यात, मशीनवर वाकून बसली होती ना? बंगल्याचं नाव जपून ठेवता आलं आणि तिचं नाही?

दुसऱ्या दालनात बॅलेचे पोशाख. इथे प्रकाश मंद आहे, डोळे सरावायला वेळ द्या. लांबून ते रत्नासारखे चमकतात. जवळ गेलात की कळतं, रत्नं म्हणजे नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या, रंगवलेल्या चकत्या आहेत, सोनं म्हणजे फासलेला रंग, टाके बोटभर लांब.

"हे लांबून बघायचं काम आहे," आई म्हणाली. "शिवणाऱ्याला माहीत होतं कुणाला कुठून दिसणारे. म्हणून फुकट मेहनत नाही केली." आणि मग काखेतले घामाचे पिवळे डाग बघून, "किती नाचली असेल बाई."

एका पोशाखाची कॉलर उलटी करून ठेवलीय. आत शाईने नर्तकींची नावं लिहिलीत. एक खोडून दुसरं, दुसरं खोडून तिसरं. पोशाख एकीकडून दुसरीकडे जायचा तसं नाव बदलायचं.

आमचं जाकीट डावीकडच्या तिसऱ्या काचपेटीत होतं. कुठल्याशा पूर्वेकडच्या राणीच्या दासीचा पोशाख. देश कुठला ते नाटकवाल्यांनीही ठरवलं नव्हतं, पाटीवर नुसतं 'पूर्वेकडील'. डाळिंबी मखमल, आखूड बाह्या, आणि घेराला तो काठ.

आई काचेसमोर खाली बसली. मांडी घालून, सरळ जमिनीवर. चष्मा काढला, पुसला, लावला. लोक तिला वळसा घालून जायला लागले. एका बाईने मला हळूच विचारलं, त्यांना बरं नाहीये का? मी म्हटलं, ती काम करतेय.

वीसेक मिनिटांनी आईने मला खाली ओढलं.

"कडेला बघ. भोकं दिसतात? सुईची. एक ओळ इथं. तिच्या खाली अजून एक, जरा वाकडी. आणि आता ज्यानं मखमलीला शिवलंय ते टाके वेगळेच."

मला दिसली. एकदा दिसल्यावर न दिसणं शक्य नव्हतं. एका भोकात निळ्या सुती दोऱ्याचं टोकही अडकलेलं होतं.

"म्हणजे?"

"म्हणजे काठ विणला तो लुगड्यासकट. ते लुगडं विरलं. जरीचा काठ विरत नाही लवकर. मग तो कापून दुसऱ्या लुगड्याला लावला. ते पण गेलं, तेव्हा उसवून तिसऱ्याला लावला. आपल्याकडं असंच करायचे. माझ्या आज्जीनं केलंय. साधं घर असणार, घरात चांगला काठ एवढा एकच. आणि मग कधीतरी नड आली, विकला. जुना काठ घेणारे दारावर यायचे ना." तिने काचेवर बोट न टेकवता हवेतच रेघ ओढली. "टाक्यांची भोकं किती जवळ जवळ आहेत बघ. लावणारी बाई जपणारी होती."

"येवल्याचा आहे?"

"ते मला काचेतून नाही सांगता येणार. उगीच कशाला सांगू?"

तेवढ्यात प्रदर्शनाच्या प्रमुख आल्या. फिलिपा नाव, पन्नाशीच्या, वागायला चांगल्या. हे लिहायला मला आवडत नाही, त्या वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. मी सांगितलं की हा भारतातल्या हातमागावरच्या लुगड्याचा काठ आहे. त्या म्हणाल्या, आमच्या जाणकारांच्या मते हे फ्रेंच आहे, त्या काळी असं कापड तिकडे बनत होतं.

"माझी आई सत्तावीस वर्षं हे विणत होती."

"किती छान," त्या म्हणाल्या.

एवढंच. किती छान. जसं इराने चित्र काढलं तर म्हणतात तसं.

"आईंचं काय म्हणणं आहे?" त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारता घड्याळाकडे पाहिलं.

मी सुरुवात बरोबर केली. भोकं दाखवली, दोन ओळी दाखवल्या. त्या म्हणाल्या, पोशाख अनेकदा दुरुस्त व्हायचे, त्यातलंच असेल. मी आईकडे पाहिलं. आई जमिनीवर बसलेली, अंगावर माझं ढगळ जाकीट. तिने जे सांगितलं होतं ते सगळं माझ्या तोंडात तयार होतं. साधं घर, एकच काठ, नड, दारावरचा माणूस. आणि मला वाटलं, हे सांगितलं तर ही बाई परत 'किती छान' म्हणेल.

मी म्हटलं, "आई म्हणते, हे दरबारी काम आहे. राजघराण्यासाठी विणलेलं. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या राजदरबारासाठी विणत आलंय."

फिलिपाबाईंनी वही काढली.

किती लवकर काढली ते मी विसरू शकत नाही. त्या आईशेजारी खाली बसल्या, तिचा हात हातात घेतला. कुठलं राजघराणं, असं विचारलं. मी म्हटलं, नाव घरात कुणाला आठवत नाही. त्या म्हणाल्या, अर्थात, अशा आठवणी तशाच असतात. उद्या अकराला माझं व्याख्यान आहे, तुम्ही दोघी याल ना?

"काय म्हणाली गं?" आईने विचारलं.

"तुझं म्हणणं पटलं त्यांना. पाटी बदलणार आहेत."

आईने जमिनीवरून उठताना माझा हात धरला, आणि इतकी हसली की तिचा पडलेला दात दिसला. एरवी ती ओठ मिटून हसते.

घरी आल्यावर मी मुग्धावहिनींना स्वयंपाकघरात खरं काय ते सांगितलं. त्यांनी हसून फ्रीज उघडला.

"अगं मग चांगलंच केलंस. नुसतं मजुरी नि चिंधी सांगितलं असतंस तर ढुंकून नसतं बघितलं. इथल्या लोकांना राजा लागतो. काम झालं ना? आता हीप्स ऑफ लोक वाचतील."

आई बाहेरच्या खोलीत इराला सांगत होती की काठ उसवायचा तर आधी टाका मधून तोडायचा, टोकाकडून ओढायचा नाही. मला वहिनींचं म्हणणं पटत होतं आणि जेवण जात नव्हतं.

रविवार: व्याख्यान आणि परतीचा रस्ता

व्याख्यानाला साठ-सत्तर माणसं होती. पडद्यावर जाकिटाचा फोटो आला. फिलिपाबाई म्हणाल्या की कालच एक विलक्षण गोष्ट घडली, एका भारतीय राजदरबारी विणकर घराण्यातल्या बाईंनी हा काठ ओळखला. मग त्यांनी आईकडे हात केला. मी आईला कोपराने उठवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बराच वेळ. आईने हात जोडले, डावीकडे, उजवीकडे, परत मध्ये. शाळेच्या बक्षीस समारंभात माझं नाव पुकारलं की ती मागच्या बाकावर अशीच हात जोडून बसायची.

काचपेटीत नवी तात्पुरती पाटी लागली होती. 'बहुधा भारतीय राजदरबारातील जरीवस्त्र. विणकर घराण्याच्या वंशजांकडून ओळख.' मी फोटो काढला. फोटो हलला, परत काढला.

दुपारी निघालो. बुल्स नावाचं गाव येईपर्यंत आई मजेत बाहेर बघत होती. टायहापेनंतर तिने विचारलं, "टाळ्या कशाच्या होत्या?"

"तू काठ ओळखलास म्हणून."

"ते कळलं. पण ती बाई एवढं काय सांगत होती? आणि शेजारची म्हातारी मला वाकून नमस्कार का करत होती?"

आम्ही वाळवंटी रस्त्याला लागलो होतो. दोन्हीकडे वाऱ्याने आडवं झालेलं पिवळं गवत, समोर एकसुद्धा गाडी नाही. थांबायला जागा नाही आणि बोलणं टाळायला फोनही नाही. मी सगळं सांगितलं. मी काय म्हणाले ते शब्दशः, पाटीवर काय लिहिलंय तेही.

टुरांगीच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबली तेव्हा आई म्हणाली, "राजाच्या घरची बाई काठ उसवून तीनदा लावते का?"

"नाही."

"मग ते भोकांचं काय सांगितलं त्यांना?"

"दाखवली. पण त्या म्हणाल्या, दुरुस्तीची असतील."

"आणि तू म्हणालीस राजा." तिने पट्टा काढला, परत लावला. "म्हणजे मी सांगितलं ते सांगण्यासारखं नव्हतं."

मी म्हटलं, आई, त्यांनी ऐकलंच नसतं. ती म्हणाली, "नसतं ऐकलं. मग? मागावर सत्तावीस वर्षं कुणी ऐकलं होतं का? पण मी तुला खोटं शिकवलं असं तर कुणी म्हणत नव्हतं." मग म्हणाली, "त्या जपणाऱ्या बाईचा काठ होता तो. तू तिच्याकडून काढून राजाला दिलास."

टाउपोपासून पापाकुरापर्यंत मी गाडी चालवली आणि ती जागी होती.

घरी

सोमवारी मी संग्रहालयाला पत्र लिहिलं. मी खोटं बोलले, आईने असं म्हटलं नव्हतं, तिने खरं काय सांगितलं ते असं असं, कृपया पाटी बदला. गुरुवारी उत्तर आलं. अतिशय सभ्य. घराण्याच्या मौखिक आठवणींमध्ये असा वेगवेगळेपणा असू शकतो, हे आम्ही समजून आहोत. नवी पाटी पक्क्या छपाईला गेली आहे. 'राजदरबारी' हा उल्लेख काढण्यासाठी कागदोपत्री पुरावा असल्यास जरूर पाठवावा.

तो उल्लेख घालायला पुरावा लागला नाही. माझं एक वाक्य पुरलं. काढायला कागद हवेत. तीन लुगड्यांच्या बाईने कुठले कागद ठेवले असतील? तिने भोकं ठेवली, आणि ती काचेत सगळ्यांसमोर आहेत. मला त्यांचा संताप येतो, त्यांच्या सभ्यपणाचा येतो, त्या वहीचा येतो. आणि यातलं पहिलं खोटं त्यांचं नव्हतं, माझं होतं, याचा सगळ्यात जास्त येतो. त्यांनी न बघता चूक केली. मी बघून, समजून, आईच्या शेजारी उभं राहून केली. मला तिची लाज वाटत नाही असं मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलेय. मग त्या दालनात माझ्या तोंडून ते काय निघालं, याला मला दुसरं नाव सापडत नाही.

मी अजून एक पत्र पाठवलंय. अजूनही पाठवीन. पण प्रदर्शन जुलैअखेरपर्यंत आहे आणि तुमच्यातले काही जण तोवर वेलिंग्टनला जाल. म्हणून काल आईला समोर बसवून पाटी लिहून घेतली. मी एकही शब्द नीट केलेला नाही. मध्ये एकदा विचारलं की इथे 'पारंपरिक' असं घालू का. ती म्हणाली, मी जे बोलले नाही ते लिहू नको.

गेलात तर दुसऱ्या दालनात, डावीकडच्या तिसऱ्या काचपेटीसमोर उभे राहा. शक्य असेल तर खाली बसा, भोकं खालूनच दिसतात. आणि त्यांची पाटी वाचून झाली की ही वाचा, जरा मोठ्याने:

'हा लुगड्याचा काठ आहे. हातमागावर विणलेला. कुठल्या गावचा ते काचेतून सांगता येत नाही. विणणारा मजुरीवर असेल, नाव माहीत नाही. काठ तीन लुगड्यांना होता. पहिल्यात विणलेला, पुढच्या दोघांना हातानं लावलेला. निळा दोरा लावणारीच्या घरातला आहे. लावणारी बाई जपणारी होती, टाके बारीक घालायची. मग नड आली आणि विकला. पुढं तो नाचणाऱ्या बाईच्या अंगावर गेला. तिनं पण खूप वापरला. राजाचा इथं काही संबंध नाही.'